मिथेन मोजायचा कुणी? जनजागृतीचा पैसा आणि आपले मोहल्ले

केंद्र सरकारनं जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत नाही, त्या शहरांची यादी त्यात आहे. महाराष्ट्रातल्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर सांगलीचंही नाव आहे. या शहरांना हवा सुधारण्यासाठी निधी मिळतो. या कार्यक्रमाचं सगळं लक्ष धुळीच्या कणांवर आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं 2024 मध्ये देशभरातल्या खर्चाचा हिशेब तपासला, तेव्हा 64 टक्के पैसा रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर गेल्याचं दिसलं. उद्योगांच्या प्रदूषणावरचा खर्च एक टक्काही नव्हता.

आपल्या देशात हवेचा दर्जा ठरवायला 12 घटक मोजतात. 2009 पासून हीच यादी चालू आहे. तिच्यात धूलिकण आहेत, ओझोन आहे, शिसं आहे, अमोनियासुद्धा आहे. मिथेन मात्र नाही.

आता कुणी म्हणेल, मिथेनचं आणि आपलं काय? समडोळी रस्त्यावरचा सांगलीचा कचरा डेपो, बेडग रस्त्यावरचा मिरजेचा डेपो, साताऱ्याचा सोनगाव डेपो, गावोगावचे गोठे, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, उघडी गटारं, शौचालयाच्या टाक्या. जिथं ओलं काही हवेविना सडतं, तिथं हा वायू तयार होतो. या यादीतलं निदान एक ठिकाण आपल्या प्रत्येकाच्या घराजवळ आहे. या वायूबद्दल लोकांना सांगण्यासाठी जो पैसा निघतो, त्यात आपला वाटा काय, हा आजचा प्रश्न आहे.

आधी हा वायू समजून घेऊ

मिथेनला रंग नाही, वासही नाही. डेपोजवळ किंवा गटारीजवळ जी दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाईडसारख्या दुसऱ्या वायूंची. त्यामुळे 'वास गेला म्हणजे गॅस गेला' हा समज चुकीचा आहे आणि धोक्याचाही. शौचालयाची टाकी किंवा बायोगॅसचा खड्डा साफ करायला माणूस आत उतरतो आणि गुदमरतो, त्यात या वायूंचाच हात असतो. माणसाला असं टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरीही मृत्यूच्या बातम्या येतच असतात.

हवामानाच्या दृष्टीनं मिथेन कार्बन डायऑक्साईडपेक्षा फार तापट आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो सुमारे 28 पट उष्णता अडवतो, वीस वर्षांचा धरला तर 80 पटींहून जास्त. औद्योगिक क्रांतीपासून पृथ्वीचं जे तापमान वाढलं, त्यातला जवळपास तीस टक्के वाटा मिथेनचा मानला जातो. पण यात एक दिलासाही आहे. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साईड शतकानुशतकं राहतो. म्हणजे मिथेन आज कमी केला, तर त्याचा फायदा आपल्या पोरांना त्यांच्या तरुणपणीच दिसेल.

भारताचा मिथेन कुठून येतो? केंद्रानं संयुक्त राष्ट्रांना 2021 मध्ये दिलेल्या अहवालात 2016 सालचे आकडे आहेत. एकूण मिथेनपैकी जवळपास 74 टक्के शेती आणि पशुपालनातून, साडेचौदा टक्के कचरा आणि सांडपाण्यातून, साडेदहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा क्षेत्रातून. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

जनजागृतीचा पैसा असतो कुठं?

'लोकांना समजावून सांगण्यासाठी' सरकार वेगळा पैसा ठेवतं, हे आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असतं. सरकारी भाषेत त्याला 'माहिती, शिक्षण व संवाद' म्हणतात. 2014 मध्ये शहरांसाठी स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, तेव्हा केंद्राच्या वाट्यातले 15 टक्के या कामासाठी राखून ठेवले होते. ग्रामीण अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात हे प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत आहे, त्यातले तीन टक्क्यांपर्यंत राज्य आणि जिल्हा पातळीवर खर्च करायचे आहेत.

याशिवाय 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीपैकी 60 टक्के बंधित होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी. राज्याचं माझी वसुंधरा अभियान 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच घटकांवर गावांना आणि शहरांना गुण मिळतात, चांगलं काम करणाऱ्यांना रोख बक्षिसं मिळतात. यातला 'आकाश' हा घटक जनजागृतीचाच आहे. गोबरधन योजनेत सामूहिक बायोगॅस प्रकल्पासाठी 2020-21 ते 2024-25 या काळात प्रत्येक जिल्ह्याला 50 लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. सातारा आणि सांगलीही त्यात आले. घरगुती आणि छोट्या बायोगॅस संयंत्रांना केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमातून आकारानुसार 9,800 पासून 70,400 रुपयांपर्यंत अनुदान ठरलेलं होतं.

शाळांसाठीही सोय आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या इको क्लबला प्राथमिकसाठी 5,000, उच्च प्राथमिकसाठी 15,000 आणि माध्यमिकसाठी 25,000 रुपयांपर्यंत वार्षिक तरतूद ठेवलेली आहे. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळाही यात बसतात. आम्ही शिक्षक मंडळी हे जाणतो की कागदावरची रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांत अंतर असतं. पण मागणी नोंदवलीच नाही तर ते अंतर मोजायचं तरी कशावरून?

यातल्या कुठल्याच योजनेच्या नावात 'मिथेन' हा शब्द नाही. पण कचरा, शेण, सांडपाणी यांवर खर्च होणारा प्रत्येक रुपया मिथेनशी जोडलेला आहे. आपल्याकडं मिथेनच्या जनजागृतीचं अनुदान हेच आहे, फक्त पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विखुरलेलं.

बाहेरच्या जगातून दोन धडे

अमेरिकेत 2022 च्या एका मोठ्या कायद्यानं मिथेन कमी करण्यासाठी 1.55 अब्ज डॉलर ठेवले. त्यातून डिसेंबर 2024 मध्ये 43 प्रकल्पांसाठी जवळपास 85 कोटी डॉलर जाहीर झाले. त्यात एक वेगळी कल्पना होती. तेल-वायूच्या विहिरींजवळ राहणाऱ्या वस्त्यांना मोजमापाची यंत्रं आणि आकडे मिळावेत, लोकांनी स्वतः मोजणीत भाग घ्यावा, यासाठीही पैसा होता. मग सरकार बदललं. जुलै 2025 च्या नव्या कायद्यानं न वाटलेला निधी परत घेतला आणि जादा मिथेन सोडणाऱ्या कंपन्यांवरचा आकार दहा वर्षं पुढं ढकलला.

दुसरं उदाहरण मिथेनसॅटचं. हा उपग्रह देणगीच्या पैशातून उभा राहिला आणि मार्च 2024 मध्ये आकाशात गेला. जून 2025 मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. कोट्यवधी डॉलरचं काम सव्वा वर्षात थांबलं.

उपग्रहांनी काही साधलं नाही असं मात्र नाही. ऑगस्ट 2022 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनॉस आयर्स या शहरांचे कचरा डेपो उपग्रहातून पाहिले. मुंबईतल्या एकाच डेपोतून ताशी सुमारे 9.8 टन मिथेन निघत होता. या शहरांचा प्रत्यक्ष मिथेन कागदोपत्री अंदाजापेक्षा 1.4 ते 2.6 पट निघाला. म्हणजे मोजल्याशिवाय जे सांगितलं जातं, ते खरं असेलच असं नाही. पण उपग्रहाला मोठे डेपो दिसतात. सांगली-साताऱ्यासारख्या शहरांचे छोटे डेपो, गावाबाहेरचे उकिरडे, गोठे त्याच्या नजरेतून सुटतात.

यातून दोन धडे निघतात. एक, अनुदान येतं आणि जातं, वस्तीनं स्वतः शिकलेलं तेवढं मागं राहतं. दोन, मोजमाप नसेल तर जनजागृती म्हणजे नुसती घोषणाबाजी.

आपल्याकडं जनजागृती कशी होते?

भिंतीवर रंगवलेली वाक्यं, घंटागाडीवरचं गाणं, शाळकरी पोरांची प्रभातफेरी, एखादं पथनाट्य. यात वाईट काही नाही. पण फेरी संपल्यावर कुणी विचारत नाही की या गल्लीतून किती ओला कचरा डेपोवर जायचा आणि आता किती जातो. खर्चाचा हिशेब राहतो, फरकाचा राहत नाही.

आणि आपल्या मोहल्ल्यांपर्यंत यातलं काय पोहोचतं? बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा, बकरी ईदच्या आधी शांतता समितीची बैठक होते आणि कुर्बानीचा कचरा उघड्यावर टाकू नका अशी सूचना मिळते. सूचना रास्तच आहे. पण वर्षाच्या बाकीच्या 360 दिवसांत कचरा, गटार, बायोगॅस यांबद्दल याच मोहल्ल्याशी कुणी बोलत नाही. पत्रकं मराठीत निघतात, ठीक आहे, आपल्याला मराठी येतंच. पण घरातल्या ज्या बुजुर्ग खवातीन उर्दूच वाचतात, त्यांच्यासाठी चार ओळी उर्दूत छापायला कितीसा खर्च येतो? आणि कचरा वेगळा करण्याचं काम घरात करणार कोण, तर त्याच.

आपल्यातले कितीतरी जण भंगार गोळा करतात, कबाडीची दुकानं चालवतात, मटणाच्या दुकानात राबतात, दुधाची जनावरं पाळतात. या सगळ्यांचा मिथेनशी रोजचा संबंध आहे. भंगारवाला सुका कचरा वेगळा काढतो, म्हणून डेपोवरचा भार तेवढा कमी होतो. हे काम करणारा माणूस जनजागृतीच्या बैठकीत प्रेक्षक म्हणूनही नसतो. खरं तर त्याला तिथं शिकवायला बोलावलं पाहिजे.

जनावरांचा प्रश्न

आता त्या 74 टक्क्यांकडं येऊ. शेती आणि पशुपालनाच्या मिथेनचा मोठा भाग गाई-म्हशींच्या रवंथातून येतो. जनावर चारा पचवतं आणि ढेकर देतं, त्यातून मिथेन बाहेर पडतो. उरलेला भातशेतीतून आणि शेणातून. जगात दीडशेहून अधिक देशांनी 2030 पर्यंत मिथेन 30 टक्के कमी करण्याच्या करारावर संमती दिली, भारतानं दिली नाही. गोठा आणि भात हे गरीब शेतकऱ्याच्या जगण्याचं साधन आहे, ऐषआरामाचं नाही, अशी आपल्या सरकारची भूमिका आहे. ती समजण्यासारखी आहे.

आम्हाला काळजी वेगळीच आहे. मिथेनची चर्चा आपल्या भागात आली की ती जनावरांवर येणार, आणि जनावरांवर आली की काही मंडळी तिला मांसाहारावर, कुर्बानीवर नेणार. आकडे तसं सांगत नाहीत. वाळवा, तासगाव, कराड, फलटण, कुठंही जा, गोठा दुधासाठी असतो. तो कुणाचाही असू शकतो, आणि त्या दुधाचा चहा सगळेच पितात. जिवंत जनावर जितके दिवस गोठ्यात राहतं, तितके दिवस ते मिथेन सोडतं. या हिशेबाला धर्म नाही. 2015 च्या कायद्यानं राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याची बाजू-विरुद्ध बाजू हा वेगळा विषय आहे. पण मिथेनचं नाव घेऊन कुणा एका समाजाकडं बोट दाखवलं जात असेल, तर त्याला उत्तर रागानं द्यायचं नाही, आकड्यानं द्यायचं. त्यासाठीसुद्धा ही माहिती आपल्या घराघरात असायला हवी.

उपाय दूध सोडण्यात नाही, गोठा सुधारण्यात आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं आहे. त्यानं जनावराचा मिथेन 17 ते 20 टक्के कमी होतो. शेणाचं तर सोपं आहे. चार-पाच जनावरांच्या रोजच्या शेणातून दोन घनमीटरचं गोबरगॅस संयंत्र चालतं आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक निघतो. मिथेन हवेत सोडला तर तो ताप, चुलीखाली जाळला तर इंधन.

आणि आपलीही बाजू सरळ हवी. ईदला आतडी आणि कोथळा मिश्र कचऱ्यात गेला, तर तो डेपोवर सडतो आणि मिथेनच सोडतो. वलीम्यात उरलेली बिर्याणी पत्रावळीसकट कुंडीत गेली, तरी तेच. इसराफ आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे प्रत्येक जुम्म्याच्या बयानात ऐकतो. त्या इसराफचं वजन किती, हे आपण कधी पाहिलेलं नाही.

उपग्रह नको, वजनकाटा हवा

मोजमाप म्हटलं की महागडी यंत्रं डोळ्यांपुढं येतात. पण कचऱ्याचा मिथेन काढायची जगभर मान्य असलेली पद्धत वजनापासूनच सुरू होते. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समितीची सूत्रं वापरली, तर उघड्या डेपोवर गेलेल्या एक टन अन्नकचऱ्यातून पुढच्या काही वर्षांत अंदाजे 20 ते 40 किलो मिथेन निघतो. ढीग उथळ असेल तर कमी, खोल असेल तर जास्त.

हे गणित आठवीच्या वर्गात करता येईल असं आहे. समजा, एका मोहल्ल्यात 200 घरं आहेत आणि घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो. दिवसाला 100 किलो, वर्षाला साडेछत्तीस टन. तो सगळा डेपोवर गेला तर त्यातून अंदाजे 730 ते 1,460 किलो मिथेन हवेत जाईल. तेवढ्या मिथेनमधली उष्णता घरगुती गॅसच्या 55 ते 110 सिलिंडरांएवढी होते. सिलिंडरच्या किमतीनं गुणून पाहा, म्हणजे मोहल्ला दरवर्षी काय उकिरड्यावर टाकतो ते कळेल.

यासाठी काय लागतं? एक वजनकाटा, एक वही आणि महिन्यातला एक आठवडा सातत्यानं नोंद ठेवणारी चार माणसं. उर्दू शाळेच्या इको क्लबची मुलं हे करू शकतात. पहिल्या महिन्यात नुसतं वजन, मग ओला-सुका वेगळा करून पुन्हा वजन, मग खत किंवा बायोगॅस सुरू झाल्यावर पुन्हा. तीन आकडे हातात आले की तो मोहल्ला अनुदान मागायला रिकाम्या हातानं जात नाही.

शिस्तीनं काम केलं तर काय होतं, हे आपल्याच भागात दिसतं. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून गाजली. तिथल्या लोकांकडं आपल्याहून वेगळं काही नव्हतं. त्यांनी योजना वाचल्या, मागण्या ठरवल्या, नोंदी ठेवल्या.

मागायचं काय, करायचं काय

पहिली मागणी अशी की महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेनं जनजागृतीचा खर्च प्रभागनिहाय, गावनिहाय जाहीर करावा. न केल्यास माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत.

दुसरी, या निधीतला ठरावीक भाग वस्तीतल्याच गटांना मिळावा. महिला बचत गट, मशिदीची किंवा जमातीची नोंदणीकृत कमिटी, भंगार वेचणाऱ्यांचे गट, उर्दू शाळा. बाहेरून येऊन दोन तासांत पथनाट्य करून जाणाऱ्यापेक्षा गल्लीत रोज दिसणाऱ्या माणसाचं बोलणं जास्त टिकतं. आणि पैसे देताना अट घालावी की आधीचं वजन आणि नंतरचं वजन दाखवा. ही अट आपल्यालाही लागू असावी.

तिसरी, कचरा डेपोच्या आसपासच्या वस्त्यांत प्रदूषण नियंत्रण मंडळानं वर्षातून निदान दोनदा मिथेन मोजावा आणि आकडे मराठी-उर्दूत लावावेत. आग लागल्यावर धूर मोजून उपयोग नसतो.

ग्रामपंचायतीत असाल तर वर्षातून निदान चार ग्रामसभा होतात. त्यांना जा. आराखड्यात सामूहिक बायोगॅस लिहून घ्या. गावातल्या बहुसंख्य शेजाऱ्यांनाही तेच हवं असतं, त्यांच्याबरोबर अर्ज करा. गोठ्याचा आणि उकिरड्याचा प्रश्न मिळून मांडला की तो कुणा एकाचा राहत नाही.

आणि निधीची वाट न पाहता सुरू करण्यासारखंही पुष्कळ आहे. ज्या मदरशात रोज शंभर मुलांचा स्वयंपाक होतो, तिथं छोटं बायोगॅस संयंत्र परवडतं. शादीखान्याच्या कमिटीनं हॉल देतानाच उरलेल्या अन्नाची व्यवस्था विचारावी. येत्या बकरी ईदला प्रत्येक मोहल्ल्यानं कुर्बानीचा कचरा वेगळ्या गाडीत द्यावा, गाडी भरण्याआधी त्याचं वजन घ्यावं आणि तो कुठं पुरला किंवा कशात वापरला याची पावती मागावी. पुढच्या वर्षी शांतता समितीच्या बैठकीत सूचना ऐकायला बसताना आपल्या हातात ती वही असू द्या.